गिलोय, गुडूची, गुळवेल : ‘अमृत’ नेमकं कुणाच्या नावात?

आमच्या घराण्याचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. निम्मी मंडळी मुंबईला, चार-दोन पुण्याला, आणि उरलेसुरले आम्ही वेंगुर्ल्याकडे घरं उघडी ठेवून राहिलेले. श्रावणात वाडीतल्या दोन-तीन घरांत ताप आला, त्याची बातमी ग्रुपवर गेली आणि डोंबिवलीच्या वहिनींनी लगोलग एक मजकूर पाठवला. तो त्यांनी लिहिलेला नाही, फिरत फिरत आलेला आहे. मी स्वतः तो याआधी निदान तीनदा वाचलाय, त्यातला एकदा काढ्याच्या पाकिटावर. मजकूर असा:

“गिलोय हा आपल्या पुराणांतला शब्द आहे. गिलोय म्हणजे स्वर्गातलं अमृत, जे पिऊन देव कधी म्हातारे झाले नाहीत. संस्कृतमध्ये हिला गुडूची म्हणतात, म्हणजे ‘संपूर्ण शरीराचं रक्षण करणारी’. गुळासारखी गोड म्हणून मराठीत गुळवेल. रामायणात मेलेले वानर हिनेच जिवंत केले. अमृता हे नाव फक्त हिलाच मिळालं. कुंडलिनी हेही हिचंच नाव, कारण ती कुंडलिनी जागी करते. नावातच अमृत असल्याने कसलाही दुष्परिणाम नाही. लहानथोर सर्वांनी रोज घ्यावी. पुढे पाठवा.”

खाली जोडलेले हात, सात वेळा.

तीस वर्षं शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवल्यामुळे शब्दाची अशी फोड दिसली की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. शिवाय ही वेल माझ्या गडग्यावरच, म्हणजे कुंपणाच्या दगडी बांधावरच, आहे. तेव्हा वहिनींचा मान राखून, एकेक वाक्य घेतो.

“गिलोय हा पुराणांतला शब्द आहे.”

नाही. गिलोय हा संस्कृत शब्दच नाही, मग पुराणात कुठून येणार? अमरकोश हा संस्कृतातला जुना शब्दकोश उघडा. वनौषधिवर्गात या वेलीची नावं ओळीने दिली आहेत: वत्सादनी, छिन्नरुहा, गुडूची, तंत्रिका, अमृता, जीवंतिका, सोमवल्ली, विशल्या, मधुपर्णी. नऊ नावं झाली. त्यांत गिलोय नाही.

गिलोय ही गुडूचीचीच नात आहे, आणि मधली पिढी कोण हेही आपल्याला ठाऊक आहे. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने प्राकृताचं व्याकरण लिहिलं. संस्कृत शब्दातला कुठला स्वर प्राकृतात कसा बदलतो, याची सूत्रंच त्याने बांधली. एका सूत्रात तो काही शब्द सांगतो, ज्यांत ‘ऊ’चा ‘ओ’ होतो. यादी मुद्दाम देतो, कारण ती वाचताना मराठी माणसाला आपल्याच घरात शिरल्यासारखं वाटतं. कूर्परचं कोप्पर, म्हणजे आपलं कोपर. स्थूलचं थोर. मूल्यचं मोल्ल, म्हणजे मोल. ताम्बूलचं तंबोल, त्यावरून तांबोळी. कूष्माण्डीचं कोहंडी, आपल्या कोहळ्याची सख्खी बहीण. आणि याच रांगेत गुडूची, तिचं रूप त्याने दिलंय ‘गलोई’.

मधला ‘च’ कुठे गेला, असं कुणी विचारेल. तो जिथे सूचीचा गेला तिथेच. सूचीची सुई झाली, तशी गुडूचीची गलोई. दोन स्वरांच्या मध्ये अडकलेला एकटा ‘च’ प्राकृतात बहुतेकदा गळतो, हाही हेमचंद्राचाच नियम. ‘ड’चा ‘ल’ किंवा ‘ळ’ होणं तर आपल्याला रोजचं आहे: तडागाचं तळं झालं, षोडशाचे सोळा झाले, दाडिमाचं डाळिंब झालं. गलोईवरून गुजरातीत गळो आला, हिंदीत गिलोय आला. हिंदीच्याच पूर्वेकडच्या बोलींत तिला गुरुच म्हणतात, तिथे ‘च’ टिकला आणि ‘ड’चा ‘र’ झाला. बंगालीत गुलंच. सगळी एकाच आजीची नातवंडं, नाकडोळे थोडे वेगळे इतकंच.

म्हणजे गिलोय या शब्दाला स्वतःचा असा निराळा अर्थ नाही. सुई या शब्दात ‘टोचणारी स्वर्गीय शक्ती’ शोधायला आपण जात नाही, तसाच हा प्रकार. वापरून वापरून गुळगुळीत झालेला, लोकांच्या तोंडचा शब्द. मला तो त्यामुळेच आवडतो. ज्याला पुराणातला मुकुट चढवलाय तो शब्द खरं तर बाजारहाट करणाऱ्या माणसांनी घडवलाय.

मग ‘स्वर्गातलं अमृत’ त्याला चिकटलं कसं? माझा तर्क साधा आहे. माहितीच्या तक्त्यांत ‘गुडूची, गिलोय, अमृता’ अशी नावं एका ओळीत छापतात. पुढे कुणीतरी अमृताची गोष्ट लिहिली, ती उतरवताना दुसऱ्या कुणीतरी कर्ता बदलला. शाळेत जोड्या लावा या प्रश्नात रेघ एक ओळ खाली सरकली की मुलांचं जे होतं, तेच. दोन मार्क जातात.

“गुडूची म्हणजे संपूर्ण शरीराचं रक्षण करणारी.”

यात अर्धं खरं आहे, म्हणून इथे मी हळू जातो. पाणिनीच्या परंपरेतल्या धातुपाठात ‘गुड्’ हा धातू रक्षण करणे या अर्थाने दिलेला आहे, आणि टीकाकारांनी गुडूचीची फोड त्यावरून केली आहे: जी रक्षण करते ती. इथवर ठीक. ‘संपूर्ण शरीराचं’ हे मात्र त्यात कुठेच नाही. रोगापासून रक्षण, असं वैद्य म्हणतील. माझ्यासारखा माणूस म्हणेल की वेल झाडाला वेढून धरते, ते रक्षण. धातू दोघांनाही अडवत नाही.

दुसरं असं की संस्कृतातली निरुक्ती हा एक जुना, मानाचा खेळ आहे. शब्द समोर ठेवायचा आणि त्याच्या पोटात कुठला धातू बसतो ते पाहायचं. त्यातून शब्दाबद्दल त्या काळच्या लोकांना काय वाटत होतं ते कळतं. शब्द खरोखर कुठून आला ते कळतंच असं नाही. झाडापेडांची कितीतरी नावं संस्कृताने आजूबाजूच्या बोलींतून उचलली आणि मग त्यांना धातूंचे कपडे शिवले. गुडूचीचा कपडा अंगावर नीट बसतो, पण शिंप्याने तो नंतर शिवला असावा असं मला वाटतं.

“गुळासारखी गोड म्हणून गुळवेल.”

हे वाक्य लिहिणाऱ्याने वेल तोंडात घातलेली नाही. आमच्या शेजारच्या काकींना मी मोबाइलवरून वाचून दाखवलं. तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, “ह्येच्यात गूळ खय आसा? कडू वीख!” आणि पुन्हा सुपात बघायला लागल्या. आयुर्वेदातही तिचा रस तिक्त आणि कषाय, म्हणजे कडू आणि तुरट, असाच सांगितलाय.

गुळवेलीतला ‘गुळ’ हा गुडूचीचाच उरलेला तुकडा आहे. ‘ड’चा ‘ळ’ झाला, शेपूट गळली, आणि पुढे वेल जोडली. गोंधळ होतो कारण गुड या दुसऱ्या शब्दाचा गूळही याच वाटेने आला. दोघांचं आडनाव सारखं, गावं वेगळी. वेलीला गोडाचं नाव मिळालं म्हणून ती गोड झाली नाही, आणि सुदैवाने आमच्याकडच्या कुठल्याही आजीने या नावावर विश्वास ठेवून मुलांना फसवलं नाही. काढा देताना आधी वाटी दाखवायची, मग हातावर गुळाचा खडा ठेवायचा. गुळवेलीचा गुळाशी आला तर एवढाच संबंध.

“रामायणात मेलेले वानर हिनेच जिवंत केले.”

इथे मजकूर लिहिणाऱ्याला मी पूर्ण खोटा म्हणणार नाही. गोष्ट आहे, आणि सुंदर आहे. फक्त उलटी सांगितली आहे.

सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या भावप्रकाशात गुडूच्यादिवर्गाची सुरुवातच या कथेने होते. रावणाने सीतेला नेलं, रामाने वानरांच्या मदतीने त्याला मारलं, इंद्र संतुष्ट झाला आणि युद्धात पडलेल्या वानरांवर त्याने अमृताचा वर्षाव केला. वानर उठले. त्यांच्या अंगावरून अमृताचे थेंब ज्या ज्या जागी जमिनीवर गळले, त्या त्या जागी गुडूची उगवली.

म्हणजे वानर आधी उठले, वेल नंतर उगवली. अंगावरून निथळलेल्या पाण्याची ती वेल. वानर जिवंत केले ते अमृताने, आणि तेही इंद्राने शिंपडलेल्या. वेल त्या प्रसंगाची खूण म्हणून मागे राहिली. शिवाय या गोष्टीत म्हातारे न होणारे देव कुठेच नाहीत, आहेत ती मेलेली माकडं. वाल्मीकींच्या युद्धकांडातही इंद्राच्या वराने वानर झोपेतून जागे झाल्यासारखे उठतात, पण तिथे वेल नाही. ती जोड वैद्यांच्या ग्रंथातली आहे.

मला ही कथा वैद्यांनी किती नेमकी निवडली याचं कौतुक वाटतं. जमिनीशी संबंध तुटला तरी ही वेल मरत नाही. आमच्या काजूवर चढलेल्या वेलीचं खोड गेल्या वर्षी कुणीतरी खालून तोडून नेलं. वरचा भाग तसाच लोंबत राहिला. मृगाच्या आगेमागे त्यातून सुतळीसारखी मुळं खाली सुटली आणि आषाढात ती मातीला टेकली. मेलेलं उठलं, असं वाटायला आणखी काय हवं? कथा इथून सुचली असेल असं मी म्हणतो. पुरावा मागू नका, गडग्यावर येऊन वेल बघा.

या मजकुरातल्या ‘तरुण ठेवते’ या भागालाही मागे कुठेतरी मूळ आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. चरकाने दहा-दहा औषधांचे गट केले आहेत, त्यांतला एक वयःस्थापन. त्यात पहिलं नाव अमृता, मग अभया, धात्री आणि पुढची. वयःस्थापन म्हणजे वय सावरून धरणं. ‘कधी म्हातारे झाले नाहीत’ ही पुढच्या लोकांची फोडणी.

“अमृता हे नाव फक्त हिलाच मिळालं.”

हा दावा तर त्याच अमरकोशाच्या त्याच वर्गात पडतो. आवळ्याच्या नावांत अमृता आहे. हिरड्याच्या नावांतही अमृता आहे. एका वर्गात तीन अमृता, हजेरी घेताना मास्तरांची पंचाईत व्हावी इतक्या. अमराने पाण्यालाही अमृत म्हटलंय, जीवन म्हटलंय तसंच. आणि निघंटूंमध्ये, म्हणजे औषधी वनस्पतींच्या नावांच्या जुन्या कोशांत, अमृत हे नाव बचनागालाही आहे. तोच बचनाग, ज्याचं जहर प्रसिद्ध आहे. वैद्य त्याला शुद्ध करून अगदी अल्प मात्रेत वापरतात, ते सोडा. नाव ऐकून कुणी तो चावून खाल्ला तर इंद्राला खरोखरच यावं लागेल.

उलटंही पाहा. या वेलीचं एक नाव विशल्या. तेच नाव निघंटूंत कळलावीलाही आहे. श्रावण-भाद्रपदात आमच्या वईवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं येतात ती कळलावी, कंदापासून फुलापर्यंत विषारी. मधुपर्णी हे तिसरं नाव, त्याच्याशी मिळतंजुळतं मधुपर्णिका हे शिवणीचं नाव. निघंटूकारांना हे माहीत होतं. एका नावाखाली अनेक झाडं आणि एका झाडाला अनेक नावं, ही त्यांची पद्धतच होती, म्हणून तर ते दहा-दहा नावं देत. एका नावावरून ओळख पटत नाही, दहा मिळून पटते.

आता कोकणाचा मुद्दा, जो मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो. काकींना मी पुढे विचारलं, तुम्ही हिला काय म्हणता? “आमी अमृतवेलच म्हणतंव. गुळवेल म्हणतत ते तुझ्यासारखे शाळेतले.” गोव्यात उतरा, कोकणीत अमृतवेल. कारवारच्या पुढे कानडीत अमृतबळ्ळी. आणखी खाली मलयाळममध्ये चिट्टमृत. म्हणजे नकाशावर दोन घराणी दिसतात. उत्तरेकडे आणि देशावर गुडूचीचं घराणं: गिलोय, गळो, गुलंच, गुळवेल. खाली किनाऱ्याने अमृताचं घराणं. आमचा पट्टा असा की तिथे दोन्ही नावं एकाच गडग्यावर नांदतात. शाळेत गुळवेल, चुलीपाशी अमृतवेल.

किनाऱ्याच्या या घराण्याचा छापील पुरावाही जुना आहे. कोचीनच्या डच गव्हर्नर व्हान ऱ्हेडने मलबारच्या वनस्पतींचा ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवला. तो 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅममध्ये छापला गेला. इट्टी अच्युदन या मलयाळी वैद्यांबरोबर त्या कामात तीन कोकणी वैद्य होते: रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. त्यांचं 1675 सालचं प्रमाणपत्र नागरी लिपीत, कोकणी भाषेत त्या ग्रंथात छापलेलं आहे. आपल्या किनाऱ्याची माणसं, आपली लिपी, आणि पुस्तक निघालं थेट ॲम्स्टरडॅमहून. त्या ग्रंथाच्या सातव्या खंडात आपली वेल आहे, रोमन अक्षरांत उच्चाराप्रमाणे लिहिलेल्या ‘चित अमेर्दु’ या नावाने. अमेर्दु म्हणजे अमृत. स्वर्गीय नाव हवंच असेल तर ते आमच्या बाजूचं आहे. गिलोयकडे ते कधीच नव्हतं.

जाता जाता एक सावधगिरी. अमृतवेल आणि अमरवेल या वेगळ्या आहेत. अमरवेल म्हणजे शेवयांसारखी पिवळी, बिनपानांची, दुसऱ्या झाडाचा रस पिऊन जगणारी. नावं इतकी जवळ की फोनवर ऐकणाऱ्याचा घोटाळा होतोच. आमच्याच घराण्यातल्या एका पुतण्याने मागे करवंदीच्या जाळीवरून अमरवेलीचा भारा ओढून आणला होता आणि काढा करायला ठेवला होता. काकींनी टोप उपडा केला.

“कुंडलिनी हेही हिचंच नाव, कारण ती कुंडलिनी जागी करते.”

कुंडलिनी हे नाव आहे. कुंडल म्हणजे वेटोळं. वेल वेटोळी घेत चढते, म्हणून कुंडलिनी. जिलबीलाही संस्कृतात कुंडलिनीच म्हटलं आहे, आणि जिलबी खाऊन कुणाची कुंडलिनी जागी झाल्याचं ऐकिवात नाही, झोप मात्र लागते. असल्या फोडी करायला काहीच लागत नाही. मी आत्ता तुम्हाला एक करून दाखवतो. हिचं एक नाव सोमवल्ली, सोम म्हणजे चंद्र. वनस्पतिशास्त्रात हिचं कूळ मेनिस्पर्मेसी, ग्रीक मुळांप्रमाणे त्याचा अर्थ चंद्रबीज. बघा, पाश्चात्त्यांनीही मान्य केलं! प्रत्यक्षात त्या कुळातल्या एका प्रजातीची बी चंद्रकोरीसारखी वाकडी असते, म्हणून ते नाव. दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण हे वाक्य उद्या माझ्याच नावाने परत माझ्याकडे येईल, अशी मला धास्ती आहे.

खरी गंमत ज्या नावांत आहे ती या मजकुरात आलीच नाहीत. चक्रलक्षणा घ्या. पेराएवढं खोड आडवं कापा आणि उजेडात धरा. मधून कडेकडे आऱ्या गेलेल्या दिसतात, हुबेहूब बैलगाडीचं चाक. हे ज्याने पाहिलं त्याच्या हातात कोयती होती. छिन्नरुहा म्हणजे कापली तरी वाढणारी, तिची हकिकत वर आलीच. तंत्रिका म्हणजे तार, त्या लोंबत्या मुळांवरून. वत्सादनी म्हणजे वासरं खातात ती. हे नाव ठेवणारा नक्की गुराखी असणार, वैद्याला वासराच्या तोंडाकडे बघायला वेळ कुठला. हिचं लॅटिन नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, त्यातला कॉर्डिफोलिया म्हणजे हृदयाच्या आकाराच्या पानाची. लॅटिनवाल्यांनी पान पाहिलं, संस्कृतवाल्यांनी खोड कापून पाहिलं. ओळख पटवायला खोडच जास्त कामाचं. हृदयासारखी पानं आमच्या कुंपणावर निदान चार वेलींना आहेत. साल कागदासारखी सुटते, नखाने खरवडली की आत हिरवं लागतं, कापलं की चाक दिसतं, चाटलं की तोंड वाकडं होतं. ही सगळी लक्षणं मिळाली की मग ती गुळवेल.

“नावातच अमृत असल्याने कसलाही दुष्परिणाम नाही.”

इतका वेळ शब्दांचा खेळ चालला होता. हे वाक्य मात्र खेळाचं नाही, कारण ते वाचून माणसं रोज पेला भरून पितात.

करोनाच्या काळात गुळवेलीला किती मागणी आली ते सगळ्यांना आठवत असेल. आमच्या रस्त्याकडेच्या झाडांवरच्या वेली तेव्हा मुळासकट गेल्या. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. सहाही जण गुळवेल घेत होते, आणि आजाराचं स्वरूप शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते तसं होतं. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, रुग्णांनी घेतलेली वनस्पती नीट ओळखलेली नाही, ती गुळवेलीसारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते. क्रिस्पाचं खोड गाठीगाठींचं असतं.

या वादात कोण बरोबर हे ठरवायचा माझा अधिकार नाही. पण घरी बसलेल्या माणसासाठी दोन्ही बाजूंतून एकच गोष्ट निघते. डॉक्टरांचं खरं असेल तर गुळवेल काहींना बाधते. मंत्रालयाचं खरं असेल तर बाजारात गुळवेल म्हणून भलतंच मिळतं आणि ते बाधतं. ‘कसलाही दुष्परिणाम नाही’ हे वाक्य दोघांच्याही बाजूने उभं राहत नाही. ज्यांना यकृताचा त्रास आहे, ज्यांची प्रतिकारशक्ती अंगावर उलटण्याचा आजार आहे, जे मधुमेहाच्या गोळ्या घेतात (ही वेल साखरही खाली आणते), त्यांनी आपल्या डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारल्याशिवाय रोजचा पेला धरू नये. गरोदर बायांनी तर नाहीच.

आणि ज्यांना हे पाश्चात्त्य वळणाचं वाटतं, त्यांनी चरक वाचावा. सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात तो म्हणतो की जहाल विषही नीट योजलं तर उत्तम औषध होतं आणि औषधही वाईट रीतीने योजलं तर जहाल विष होतं. त्यात अमृता नावाच्या औषधाला सूट दिलेली नाही.

आमच्याकडे पूर्वी गुळवेल रोज कुणीच घेत नसे. ताप आला की घ्यायची, उतरला की बंद. सत्त्व काढायचं तेही वर्षातून एकदा: जाड खोडं ठेचून रात्रभर पाण्यात, सकाळी चोळून गाळून पाणी निवळत ठेवायचं, वरचं हलकेच ओतून द्यायचं, तळाशी राहतं ते पांढरं वाळवायचं. टोपलीभर खोडांतून मूठभर निघत नाही. इतक्या कष्टाची वस्तू माणूस आपोआप जपून वापरतो. पाकिटातली पावडर चमच्याने येते, तिथे हात आखडत नाही.

हे सगळं मी ग्रुपवर चार भागांत टाकलं. मुंबईच्या दोघांनी अंगठा दाखवला, पुण्याच्या भाच्याने हेमचंद्राच्या यादीचा फोटो मागितला. वहिनींनी रात्री उत्तर दिलं: “भावजी, वाचलं. उद्यापासून रोज नाही घेणार. पण हे बघा काय आलंय.” खाली नवा मजकूर होता. शतावरी म्हणजे शंभर पती असलेली स्त्री, म्हणून बायकांनी ती अवश्य घ्यावी.

परसात विहिरीपाशी शतावरीचं एक काटेरी जाळं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळ घेऊन गेलो आणि एका बाजूने माती सारली. खाली बोटाएवढ्या जाड, पांढुरक्या मुळ्यांचा घोस. सत्तेचाळीसपर्यंत मोजल्या, मग पाऊस आला.